न्यूयॉर्क–लंडन: अंतर बरोबर येतंय, पण उड्डाणाची वेळ जुळत नाही

नकाशावेडा:
न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ (४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम) ते लंडनचा हीथ्रो (५१.४७ उत्तर, ०.४६ पश्चिम) हे अंतर हॅवरसाइन सूत्राने (गोलावरच्या दोन बिंदूंमधलं सर्वांत कमी अंतर काढायचं सूत्र) ५,५४० किमी येतं. ताशी ९०० किमीने भागलं की ६ तास ९ मिनिटं. वेळापत्रकात मात्र जाताना सुमारे ७ तास आणि परतीला ८ च्या आसपास दिसतात. नक्की कुठे चुकतंय? आणि जाण्यायेण्याची सरासरी काढली तर वाऱ्याचा परिणाम निघून जाईल ना?

भूमापक:
अंतर बरोबर आहे. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी धरली असणार. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी असल्याने गोल धरल्यावर थोडा फरक पडतो, पण तो अर्ध्या टक्क्याच्या आतच राहतो. चुका होतात त्या आकडे भरताना. पश्चिम रेखांश ऋण हवेत, हीथ्रोच्या ०.४६ आधीचं ऋण चिन्ह द्यायचं राहिलं तर उत्तर थेट ६० किमीने वाढतं, आणि फरक एवढा लहान की शंकाही येत नाही. ४० अंश ३८ मिनिटं म्हणजे ४०.६३, ४०.३८ नव्हे. सूत्रात घालण्याआधी अंशांचे रेडियन (कोन मोजायचं दुसरं एकक) करा.

सपाट नकाशावर पट्टी ठेवून मार्ग आखू नका. सर्वांत जवळचा मार्ग उत्तरेकडे वळून न्यूफाउंडलंडवरून जातो.

उड्डाण_नियोजन:
वेळापत्रकातली वेळ गेट ते गेट असते. टॅक्सीचा, म्हणजे विमान गेट आणि धावपट्टीदरम्यान जमिनीवर चालतं त्याचा, दोन्हीकडचा मिळून अर्धा तास धरा, मोठ्या विमानतळांवर गर्दीत त्याहून जास्त. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो (१०,००० फुटांखाली साधारणपणे २५० नॉटची, म्हणजे ताशी सुमारे ४६० किमीची मर्यादा), त्याची आणखी १५ मिनिटं. शिवाय कंपन्या उशिरासाठी थोडी जागा राखून ठेवतात.

आता वारा. ३५,००० फुटांवर माक ०.८५ (ध्वनीच्या वेगाच्या ०.८५ पट) म्हणजे ताशी सुमारे ९०५ किमी, पण तो हवेच्या तुलनेत. पश्चिमेकडून सरासरी ताशी १२० किमीचा वारा धरला तर:

पूर्वेकडे: ५,५४० ÷ १,०२५ = ५ तास २४ मिनिटं
पश्चिमेकडे: ५,५४० ÷ ७८५ = ७ तास ३ मिनिटं

दोन्हींत वरची ४५ मिनिटं मिळवा, वेळापत्रकाच्या बरंच जवळ येता. सरासरीने मात्र वारा जात नाही. वारा नसता तर ६ तास ७ मिनिटं लागली असती. या दोन वेळांची सरासरी ६ तास १४ मिनिटं येते. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं, म्हणून तोटा नेहमी फायद्यापेक्षा मोठा.

नकाशावेडा:
म्हणजे प्रत्यक्ष मार्गही ५,५४० चाच धरायचा?

उड्डाण_नियोजन:
नाही. उत्तर अटलांटिकवरचे मार्ग वारा पाहून रोज नव्याने ठरतात. पूर्वेकडे जाणारे मार्ग कॅनडातलं गँडर हवाई नियंत्रण केंद्र आखतं, पश्चिमेकडे जाणारे शॅनविक हे ब्रिटन-आयर्लंडच्या बाजूचं केंद्र. पश्चिमेकडे जाताना जेट स्ट्रीम (उंचावरचा पश्चिमेकडून येणारा जोरदार वारा) टाळायला विमान मुद्दाम लांबून जातं: किलोमीटर वाढतात, मिनिटं वाचतात. तुमच्या हिशेबात मार्गाच्या लांबीला काही टक्के वाढ द्या आणि वारा महिन्यानुसार बदला; हिवाळ्यात तो सर्वांत जोरदार असतो.

भूमापक:
वेळापत्रकाशी ताडताना दोन्ही वेळा आधी यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) करा. लंडन न्यूयॉर्कच्या ५ तास पुढे असतं, पण अमेरिकेत घड्याळं मार्चमध्ये ब्रिटनच्या आधी पुढे जातात आणि शरद ऋतूत नंतर मागे येतात. त्या मधल्या दिवसांत फरक ४ तासांचाच राहतो, आणि तेवढ्यापुरता तुमचा हिशेब तासाभराने चुकलेला दिसेल.