समोरच्या गाडीने डोळे दिपल्यावर पुढचे दोन-तीन सेकंद तुम्ही काय करता?

रातपाळी

नमस्कार मंडळी. गेली अकरा वर्षं दुसरी पाळी संपवून रात्री साडेअकराच्या सुमाराला बाईकने घरी येतो. अंतर ३१ किलोमीटर. त्यातले वीसेक किलोमीटर दुपदरी रस्ता, मध्ये दुभाजक नाही, रस्त्यावर दिवे नाहीत. वळणं पाठ आहेत. पण गेल्या वर्षभरात समोरून येणाऱ्या गाड्यांचा उजेड सहन होईनासा झालाय.

गेल्या मंगळवारचं सांगतो. सरळ पट्टा होता, समोरून एक मोठी गाडी हाय बीमवर आली. मी दोनदा डिपर दिला, तिने दिवा खाली केला नाही. ती बाजूने निघून गेली आणि त्यानंतर मला पुढे काहीच दिसेना. रस्ता नाही, कड नाही, नुसता काळोख आणि त्यात तरंगणारा एक हिरवट ठिपका. तो ठिपका विरतो तोच माझ्या हँडलच्या डाव्या टोकाला लागून एक माणूस गेला. सायकल हातात धरून चालत होता. आमच्यात दोन हातांचं अंतर असेल. मी त्याला चुकवलं असं म्हणता येणार नाही, मला तो दिसलाच नव्हता. तो कडेने चालत होता म्हणून वाचला. मी ताशी पंचावन्नवर होतो. पुढे जाऊन गाडी थांबवली तेव्हा स्टँड लावायला पाय उचलेना. घरी बायकोला अजून सांगितलेलं नाही.

माझं वय ४७. लांबचा चष्मा आहे, नंबर चार वर्षांपूर्वी काढलेला. हेल्मेट तीन वर्षांचं, काच मूळचीच आणि पारदर्शक. गाडीचा दिवा साधा हॅलोजन. एका सहकाऱ्याने रात्रीसाठी म्हणून पिवळ्या काचांचा चष्मा दिला, तो माझ्या चष्म्यावरून बसतो. त्याने उजेड मऊ वाटतो हे खरं, पण त्या मंगळवारी तोच डोळ्यांवर होता. आता दुसरा एकजण म्हणतो, तुझ्या दिव्यात जास्त ताकदीचा एलईडी बल्ब टाक, म्हणजे समोरच्याचा उजेड जाणवणार नाही.

बल्ब बदलावा का? आणि मुख्य म्हणजे, डोळे दिपतात त्या दोन-तीन सेकंदांत तुम्ही नेमकं काय करता? नोकरी बदलणं शक्य नाही. रोज रात्री त्याच रस्त्याने यायचं आहे.

चाक आणि साखळी

आधी हेल्मेटची काच बघा. तीन वर्षं रोज वापरलेली मूळची काच म्हणजे माझा पहिला संशय तिच्यावर.

आज रात्री हे करा. खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च समोरच्या भिंतीपाशी ठेवा आणि तीन-चार मीटरवरून आधी नुसत्या डोळ्यांनी, मग हेल्मेटच्या काचेतून त्याच्याकडे क्षणभर बघा. काचेतून बघताना टॉर्चभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा किंवा धुरकट वलय दिसलं, तर काच गेली. हे चरे दिवसा दिसत नाहीत. रात्री समोरचा दिवा त्या प्रत्येक चऱ्यावर फुटतो आणि अख्खी काच पांढरी होते. काच पॉलिकार्बोनेटची असते, आपटली तर फुटत नाही पण ओरखडे फार लवकर पडतात. सिग्नलला थांबल्यावर हातमोज्याने किंवा बाहीने कोरडी पुसायची सवय असेल तर धुळीचा प्रत्येक कण तिच्यावर पॉलिश पेपरसारखा फिरलेला असतो. नवीन काच आणली की ओलं फडकं दहा मिनिटं तिच्यावर घालून ठेवायचं, चिकटलेले किडे-धूळ मऊ होऊ द्यायचे, मग साबणाच्या पाण्याने हलक्या हाताने धुवायची. पेट्रोल, थिनर, अमोनियावालं काच साफ करायचं औषध, यातलं काही लावू नका. गडद काच तर रात्री नकोच. युरोपच्या हेल्मेट नियमात ८० टक्क्यांहून कमी उजेड आत सोडणाऱ्या काचेवर ‘फक्त दिवसा वापरण्यासाठी’ असं लिहावं लागतं.

बल्बचं स्पष्ट सांगतो, टाकू नका. हॅलोजन दिव्याच्या आतला आरसा त्या बल्बच्या तारेच्या जागेवर बेतून वळवलेला असतो. एच-फोर बल्बमध्ये, म्हणजे लो आणि हाय बीमच्या दोन्ही तारा असलेल्या हॅलोजन बल्बमध्ये, लो बीमच्या तारेखाली एक छोटी वाटी असते, तिच्यामुळे उजेड वर न जाता रस्त्यावरच पडतो. एलईडीचे ठिपके बरोबर त्या जागी बसले नाहीत तर उजेड वर आणि आजूबाजूला सांडतो. तुमचे डोळे दिपवणाऱ्यांत असे बल्ब टाकलेल्या गाड्याही असतात. शिवाय चाकापुढचा दहा मीटर रस्ता लख्ख झाला की लांबचा काळोख अजून गडद वाटतो.

त्यापेक्षा आहे तोच दिवा नीट लावून घ्या. सपाट जागी, टायरमध्ये हवा बरोबर, तुम्ही सीटवर बसलेले, समोर दहा मीटरवर भिंत. लो बीमची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण दहा सेंटीमीटर खाली पडली पाहिजे. मागे कोणी बसलं की गाडीचा मागचा भाग दबतो आणि दिवा वर उठतो, तेही लक्षात ठेवा.

नजर

मी रोज लोकांचे डोळे तपासते, म्हणून दोन गोष्टी पोटतिडकीने लिहिते आहे.

दादा, ‘गेल्या वर्षभरात’ हे तुमचे शब्द मला खटकले. रस्ता तोच, वेळ तीच, मग बदललं काय? गाड्यांचे दिवे बदललेत हे खरं, पण डोळाही बदलतो. डोळ्यातलं भिंग वयानुसार कमी पारदर्शक होत जातं. समोरचा उजेड त्यात विखुरतो आणि सगळ्या दृश्यावर एक पांढरट पडदा ओढला जातो. त्या पडद्यामागे काळ्या कपड्यातला माणूस असला तर तो पुसला जातो. दिपल्यावर सावरायलाही चाळिशीनंतर जास्त वेळ लागतो.

घरी एक करून बघा. लांबच्या एखाद्या दिव्याकडे एक डोळा झाकून बघा, मग दुसरा. गाडीवर नाही, उभ्या जागी. एका डोळ्याला दिव्याभोवती जास्त किरणं किंवा वलय दिसत असेल तर नेत्रतज्ज्ञांकडे जाच, आणि नसेल दिसत तरीही जा. चार वर्षं हा फार काळ झाला. सिलिंडरचा नंबर, म्हणजे डोळ्याच्या वाकडेपणासाठीचा नंबर, थोडा जरी बदलला तरी रात्रीच्या दिव्यांना शेपट्या फुटतात. थेंब घालून बाहुली मोठी करून तपासतील, तेव्हा त्या दिवशी गाडी स्वतः चालवत जाऊ नका, पुढचे काही तास उजेड सोसत नाही.

पिवळा चष्मा काढून ठेवा. तो उजेड कमी करतो म्हणून बरं वाटतं, पण समोरच्या दिव्याबरोबर त्या सायकलवाल्याकडून येणारा जेमतेम उजेडही तो कमी करतो. २०१९ साली ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर याची चाचणी झाली होती. समोरून दिवा अंगावर येत असताना पिवळ्या काचांमुळे पादचारी अधिक चांगला दिसतो असं त्यात आढळलं नाही. आणि तुमच्या बाबतीत हेल्मेटची काच, पिवळा चष्मा, नंबरचा चष्मा असे तीन थर होतात. साध्या भिंगाच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के उजेड परावर्तित होतो, तोच आत नाचतो. नवीन चष्मा करताना परावर्तन कमी करणारा लेप असलेलं भिंग घ्या.

दूरचा पल्ला

तुमच्या मुख्य प्रश्नाला उत्तर देतो, कारण त्या सेकंदांत काय करायचं ते त्याच्या आधी ठरलेलं असावं लागतं.

लांबवर उजेडाचा झोत दिसला की मी थ्रॉटल सोडतो. गाडी अंगावर येईपर्यंत थांबत नाही. पंचावन्नच्या वेगाला सेकंदाला १५ मीटर जातात. म्हणजे दोन सेकंद आंधळे असलात तर ३० मीटर. आणि थांबायचं ठरवलं तर कोरड्या रस्त्यावरही, भान येण्यापासून गाडी थांबेपर्यंत, चाळीसेक मीटर लागतात. तेच चाळीसच्या वेगाला सत्तावीस-अठ्ठावीस.

वेग उतरतो आहे तोवर, अजून दिसतंय तोवर, पुढचा सगळा पट्टा एकदा डोळ्यांत भरून घ्यायचा. कडेला कोण आहे, खड्डा कुठे आहे, रेघ कुठे वळते. मग गाडी जवळ आली की नजर आपल्या बाजूच्या कडेच्या पांढऱ्या रेघेवर. रेघ नसेल तर डांबर जिथे संपतं त्या कडेवर. नजर दिव्याकडे ओढली जाते आणि नजर जाते तिकडे गाडी जाते, म्हणून हे मुद्दाम करावं लागतं. सुरुवातीला मी हेल्मेटमध्ये मोठ्याने ‘कड, कड’ म्हणायचो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमचा उजेड आणि समोरच्याचा उजेड यांच्या मध्ये जो माणूस असतो, तो दिसतच नाही. दोन्हीकडे लख्ख असूनही तो मधून नाहीसा होतो. त्यामुळे गाडी बाजूने गेल्यावर ‘सुटलो’ म्हणून वेग वाढवायचा नाही. तिथे कोणीतरी आहेच असं धरून चालायचं, पुढचा रस्ता पुन्हा दिसेपर्यंत.

एक डोळा मिटून ठेवायचा सल्ला अनेकजण देतात, म्हणजे त्या डोळ्याची अंधाराची सवय मोडत नाही. मी केलंय आणि सोडलंय. एका डोळ्याने अंतराचा अंदाज चुकतो आणि एका बाजूचं दिसणं जातं. सूड म्हणून आपणही हाय बीम देणं तर नकोच. मग समोरासमोर दोघं आंधळे. एकदा डिपर द्यायचा, ऐकला तर ठीक, नाही तर तो विषय तिथेच सोडून कडेकडे बघायचं.

रातपाळी

तीन आठवड्यांनी लिहितोय. सगळं केल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

टॉर्चची चाचणी त्याच रात्री केली. काचेतून टॉर्च दिसायच्या ऐवजी दुधाचा गोळा दिसला. मी तीन वर्षं हातमोज्यानेच पुसत होतो. नवीन काच लावून पहिल्या रात्री निघालो तेव्हा पुलापाशी थांबून काच वर करून खाली करून बघितली, फरक आहे की मनाचा खेळ. फरक आहे. दिवाही भिंतीसमोर लावून घेतला, तो फार खाली होता, माझा मलाच रस्ता कमी दिसत होता.

डोळ्यांचं. ताई, तुम्ही म्हणालात तसं एकेक डोळा झाकून बघितलं. उजव्या डोळ्याला दिवा पिंजलेल्या कापसासारखा दिसतो, डाव्याला नाही. तपासणीत उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात निघाली. ऑपरेशन आत्ता नाही, सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलंय. सिलिंडरचा नंबरही बदलला होता. नवीन चष्मा मिळून नऊ दिवस झाले. पिवळा चष्मा सहकाऱ्याला परत देताना कारणही सांगितलं, कारण तोही रात्रीचाच येतो.

आणि वेग. त्या वीस किलोमीटरला आता चाळीस-पंचेचाळीस. घरी पाच-सहा मिनिटं उशिरा पोचतो. बायकोने दुसऱ्याच दिवशी उशीर का म्हणून विचारलं, तेव्हा मंगळवारचं सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, अजून दहा मिनिटं उशीर झाला तरी चालेल.

परवा पुन्हा तसंच झालं, तोच पट्टा, समोरून हाय बीम. कडेकडे बघत राहिलो, थ्रॉटल आधीच सोडला होता. गाडी गेल्यावर तीस-चाळीस पावलांवर दोन बायका डोक्यावर ओझं घेऊन चालताना दिसल्या. आरामात बाजूने गेलो.

एकच अडचण राहिली आहे. मागून येणाऱ्या गाडीचा उजेड आरशातून थेट डोळ्यांत येतो. आरसे वळवून ठेवले तर मागचं दिसत नाही.

दूरचा पल्ला

आरसे वळवू नका. आरशातला झोत अरुंद असतो, डोकं चार बोटं बाजूला किंवा पुढे नेलं की तो डोळ्यांवरून हनुवटीवर उतरतो. मागचं बघायचं असेल तेव्हा डोकं परत जागेवर. आणि तो मागून चिकटूनच राहिला तर कडेला रुंद जागा बघून, आधी इंडिकेटर देऊन, त्याला पुढे जाऊ द्या. मग त्याचाच उजेड तुम्हाला पुढचा रस्ता दाखवतो. मात्र त्याच्यामागे अंतर ठेवून.