व्हीएस कोडच्या टर्मिनलमधून लिनक्सची सॉर्ट आज्ञा चालवल्यावर फाइलमधील देवनागरी का बिघडते?

प्रश्न
विंडोज १० वरील व्हीएस कोड या मजकूर-संपादकात मी मराठी शब्दसूची तयार करत आहे. डब्ल्यूएसएल २ वर, म्हणजे विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याच्या सोयीवर, उबंटू हे लिनक्स बसवलेले आहे. संपादकाच्या टर्मिनलमध्ये (आज्ञा टंकण्याच्या चौकटीत) विंडोजचा आज्ञा चालवणारा पॉवरशेल ५.१ असतो, तेथे आज्ञेआधी ‘डब्ल्यूएसएल’ लिहून सॉर्ट (ओळी क्रमाने लावणारी) व युनिक (पुनरावृत्त ओळी गाळणारी) या आज्ञा चालवतो. पडद्यावर शब्द नीट दिसतात, पण तेच ‘पेक्षा मोठे’ या चिन्हाने फाइलमध्ये उतरवले की देवनागरीच्या जागी निरर्थक अक्षरे येतात. दोष उबंटूचा आहे की संपादकाचा?

उत्तर १
दोघांचाही नाही. ‘पेक्षा मोठे’ हे चिन्ह उबंटूपर्यंत पोहोचतच नाही. फाइल पॉवरशेल लिहितो. उबंटूकडून आलेला यूटीएफ-८ या संकेतनातील (अक्षरे बाइटांत मांडण्याच्या पद्धतीतील) मजकूर पॉवरशेल ५.१ विंडोजच्या जुन्या कोडपेजप्रमाणे, म्हणजे जुन्या अक्षरतक्त्याप्रमाणे, वाचतो आणि मग यूटीएफ-१६ या दुसऱ्या संकेतनात साठवतो, म्हणून बिघाड दुहेरी होतो. उलट दिशेने, म्हणजे पॉवरशेलमधून पाइपने (एका आज्ञेचे उत्तर दुसरीला देणाऱ्या उभ्या रेघेने) मजकूर उबंटूकडे पाठवला, तर देवनागरीची सरळ प्रश्नचिन्हे होतात. पॉवरशेल ७.४ पासून बाहेरच्या आज्ञेचे बाइट फाइलमध्ये जसेच्या तसे उतरतात, परंतु माझ्या मते संपूर्ण आज्ञा बॅशमध्येच (उबंटूच्या स्वतःच्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) चालवावी, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही. ‘डब्ल्यूएसएल’ लिहायला विसरलात, तर पॉवरशेलचे स्वतःचे सॉर्ट निमूटपणे चालते, हेही ध्यानात असू द्यावे.

उत्तर २
बॅशमध्ये काम करण्यासाठी व्हीएस कोडमध्ये डब्ल्यूएसएलचे एक्स्टेन्शन (जोडप्रोग्राम) बसवा, उबंटूच्या टर्मिनलमध्ये कामाच्या फोल्डरमध्ये जा आणि ‘कोड’ लिहून पुढे एक जागा सोडून टिंब द्या. खिडकी विंडोजचीच राहते, पण टर्मिनल बॅशचे उघडते. फोल्डर उबंटूच्या होममध्ये ठेवलेले बरे. सी ड्राइव्हवरील फाइली डब्ल्यूएसएल २ मधून वाचणे संथ असते. एका शब्दसूचीला त्याने काही फरक पडणार नाही, हजारो फाइलींच्या गिट (फाइलींतील बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्राम) प्रकल्पाला मात्र पडतो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे, फाइल आता शुद्ध येते. तरीही काही शब्द युनिकनंतर दोनदा उरतात. उदाहरणार्थ ‘दुसऱ्या’ आणि ‘दुसर्‍या’. मला तर दोन्ही सारखेच दिसतात.

उत्तर १
आपल्याला सारखे दिसतात, युनिकला नाही. पहिल्यात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलंत आहे, तर दुसऱ्यात साधा र, हलंत आणि त्यानंतर न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक आहे. वेगवेगळ्या कळफलकांवर टंकलेला मजकूर एकत्र केला की हे हमखास घडते. चंद्रकोरीसारखा हा र मराठीत पदोपदी येत असल्याने शब्दसूचीत अशा जोड्या बऱ्याच निघतील. मजकुरात शोधून बदल करणाऱ्या सेड या आज्ञेने दुसरे रूप पहिल्यात बदलून घ्या. विंडोजमध्ये जतन केलेल्या फाइलींच्या ओळींअखेर सीआर हे अदृश्य चिन्हही असते आणि त्यामुळेही असेच होते. संपादकाच्या तळपट्टीवरील ‘सीआरएलएफ’ या विंडोजच्या ओळअखेर-खुणेवर टिचकी मारून लिनक्सची ‘एलएफ’ ही खूण निवडा व फाइल जतन करा. हे दोन्ही झाल्यावर आधी सॉर्ट आणि मगच युनिक चालवा, कारण युनिक केवळ लगतच्या ओळींची तुलना करते.