खिडकीतली गारंबी : जंगलातला वेल घरात वाढवावा का?

उन्हाची_खिडकी (टिळकवाडी, बेळगाव)

मंडळी, आमच्या बैठकीच्या खिडकीत एप्रिलपासून गारंबीचा वेल आहे. परवा घरी आलेल्या एका पाहुण्यांनी तो बघितला आणि चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "जंगलातलं जंगलात शोभतं. हे पाप आहे." तो शब्द मला लागला. म्हणून हा धागा काढतेय. मला खरंच तुमची मतं हवी आहेत.

ज्यांनी गारंबी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. शेंगवर्गातला हा महावेल आपल्या खानापूरच्या जंगलात, घाटातल्या ओढ्यांच्या काठी असतो. शेंग हात-दोन हात लांब, चपटी, प्रत्येक बीला फुगलेली. वाळली की एकेक बीचा कप्पा सुटून पडतो आणि शेंगेची नुसती चौकट वेलावर लटकत राहते. बी काळपट तांबडी, गोल, गुळगुळीत, रुपयाच्या नाण्याच्या दुप्पट रुंद. हातात घेतली की खाली ठेवाविशी वाटत नाही.

माझ्याकडच्या बिया आत्याच्या फडताळातल्या. आत्याचं गाव जांबोटीकडे. शिकेकाई संपली की आजी गारंबीचा गर वाटून त्यानं केस धुवायची. आजी गेली, वाटायचं थांबलं, पाच बिया जुन्या सुपारीच्या डब्यात तशाच राहिल्या. मोडायचा म्हणून तो डबा काढला, तेव्हा मी त्या मागून आणल्या.

पहिली बी आठ दिवस पाण्यात ठेवली. ठेवली तशी बाहेर निघाली, गोटाच. खराब समजून टाकून दिली. मग चूक कळली. हिचं कवच पाणी आत घेतच नाही. जंगलात वर्षानुवर्षं ऊन-पाऊस खाऊन, दगडावर घासून ते झिजतं, तेव्हा कुठे बीला पाणी लागतं. दुसरी बी मी कानशीनं घासली. जिथे ती शेंगेला चिकटलेली असते ती खूण सोडून, उलट्या बाजूच्या कडेला. वीस मिनिटं लागली. काळं कवच, त्याखाली तपकिरी थर, आणि मग तांदळाएवढा पांढरट ठिपका दिसला. तिथेच थांबले. रात्रभर कोमट पाण्यात ठेवली. सकाळी बी दीडपट फुगली होती आणि पाण्यावर साबणासारखा फेस होता. आजीच्या केसांचा वास आला मला त्या पाण्याला.

वीस लिटरचा रंगाचा डबा घेतला, बुडाला भोकं पाडली. आत्याच्या परसातली तांबडी माती, भाताचं तूस आणि थोडं शेणखत घातलं. बी आडवी, अर्धी मातीत, अर्धी वर. सतराव्या दिवशी बोटाएवढा जाड, तांबूस कोंब निघाला. पानं नाहीत, काही नाही, सरळ वर. महिनाभरात पडद्याच्या दांडीला पोचला. मग पानं आली. पानाच्या टोकाला दोन फाट्यांचा ताणा असतो, तो हवेत चाचपडतो आणि जे सापडेल त्याला धरतो. आमच्या खिडकीच्या गजाला त्यानं दोन दिवसांत अडीच वेढे घातले.

इमारतीतली मुलं रोज येऊन बघतात. त्यातल्या एकानंही खानापूरचं जंगल बघितलेलं नाही, आणि बेळगावपासून ते तासाभरावर आहे. म्हणून माझं मत ठाम आहे, लावावी. तुमचं सांगा.

कणकुंबीकर

ताई, तुम्ही मायेनं लिहिलंय ते कळतं. पण मी पाहुण्यांच्या बाजूचा.

आमच्या शेताच्या वरच्या अंगाला व्हाळ आहे, तिथे एक गारंबी आहे. माझ्या आज्यानं ती तशीच बघितलेली. बुंधा माझ्या मांडीएवढा, पीळ घातलेला. पाच-सहा झाडांवरून गेलीय. शेकरू त्या वेलावरूनच एका झाडावरून दुसऱ्यावर जातो, खाली उतरतच नाही. ही गारंबी. तुमच्या डब्यातली गारंबी नव्हे, तिचं पिलू आहे, आणि ते कधी मोठं होणार नाही. तिला ना फूल येणार, ना शेंग. ताणा हवेत चाचपडतो म्हणालात, तो झाड शोधतोय. त्याला तुम्ही लोखंडी गज दिलात.

दुसरं, माझे वडील रोजगारावर जंगलात वेल तोडायला जायचे. सागाला जाच होतो म्हणून त्या काळी वेल मुळातच तोडायचे. कोयत्यानं तोडलेल्या गारंबीतून पाणी गळताना मी लहानपणी बघितलंय. वडिलांना ते आवडायचं नाही, पण पोटासाठी केलं. इतकं तोडून झाल्यावर आता जे उरलंय त्याची बी शहरात नेऊन खिडकीत लावायची, हे मनाला पटत नाही.

आणि हा धागा वाचून उद्या दहाजण बिया गोळा करायला निघतील. आपल्या खानापूर तालुक्यातलं भीमगड अभयारण्य 2011 साली झालं, 190 चौरस किलोमीटर. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं अभयारण्यातून परवानगीशिवाय काहीही उचलता येत नाही, पडलेली बीसुद्धा. हे तुम्ही लिहायला हवं होतं.

उन्हाची_खिडकी

हे लिहायला हवं होतं, खरं आहे. माझ्या बिया आत्याच्या घरातल्या आहेत. कुणीही अभयारण्यातून एकही बी उचलू नये.

निपाणीचे_मास्तर

मी पंचवीस वर्षं विज्ञान शिकवलं. माझं मत ताईंच्या बाजूनं, आणि त्याला कारण आहे.

पाठ्यपुस्तकात बी रुजण्याचं चित्र असतं. घेवड्याची दोन दलं मातीबाहेर येतात, हिरवी होतात. मुलांना वाटतं सगळ्या शेंगवर्गीय बिया अशाच रुजतात. गारंबीची दलं मातीतच राहतात. आतल्या साठ्यावर कोंब आधी उंच जातो, कारण दाट जंगलात खाली ऊन नसतं. आधी उंची गाठायची, मग पानं. ताईंच्या पडद्याच्या दांडीपाशी जे घडलं ते हेच. हे मी फळ्यावर कितीदा काढलं असतं तरी मुलांच्या डोक्यात राहिलं नसतं.

आणखी एक. या बीच्या दोन दलांमध्ये पोकळी असते, म्हणून ती तरंगते. गारंबीच्या जातकुळीतल्या बिया समुद्रावरून वाहत परक्या किनाऱ्यांना लागतात. आता आपला मुलूख बघा. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, ती पूर्वेला कृष्णेला मिळते. त्याच खानापूर तालुक्यात म्हादई उगम पावते, ती गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्राला जाते. डोंगराच्या पश्चिम उतारावर पडलेल्या बीला समुद्राची वाट आहे. पूर्वेला पडली तर ती कृष्णेच्या वाटेला लागणार, आणि मध्ये सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाचं धरण आहे. एक बी हातात देऊन मुलांना सगळा भूगोल शिकवता येतो.

हिच्या शास्त्रीय नावातला 'ऱ्हीडी' म्हणजे मलबारचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड. त्याचे मलबारच्या वनस्पतींवरचे बारा खंड 1678 ते 1693 या काळात छापले गेले. पण झाडं ओळखून माहिती दिली ती तिथल्या वैद्यांनी. नाव साहेबाचं राहिलं. आपल्याकडे ते ज्ञान आजीच्या सुपारीच्या डब्यात होतं, आणि तो डबा मोडीत निघणार होता. कणकुंबीकर, तुमचं दुःख मला कळतं. पण ताईंनी बी रुजवली नसती तर ती मोडीतच गेली असती.

दोन_पोरांची_आई (वडगाव)

सगळे बीचं कौतुक करताय. घरात लहान मूल असेल तर काय, हे कुणीच बोललं नाही.

गेल्या वर्षी मुलाच्या शाळेत "रानातल्या बिया रुजवा" असा उपक्रम होता. एकानं गुंजा आणल्या. लाल, काळा डोळा, किती गोड दिसतात. कवच कठीण म्हणून मुलांना पॉलिश पेपर देऊन घासायला बसवलं. मी योगायोगानं तिथे गेले आणि माझे पाय थरथरले. गुंजेत अब्रिन असतं, भयंकर विष. अख्खी गुंज गिळली तर कठीण कवचामुळे पुष्कळदा तशीच बाहेर पडते. ते कवच घासलं, फोडलं की आतलं विष मोकळं. म्हणजे बी रुजवायला जे करावं लागतं तेच तिला घातक करतं. बिया काढून घेतल्या, सगळ्यांचे हात धुतले, काही झालं नाही. पण त्या रात्री मी मुलाला कुशीतून सोडलं नाही.

ताई, तुमची गारंबी गुंज नाही, मान्य. पण वाचणाऱ्याला "रानातली बी घासून भिजवा" एवढंच लक्षात राहतं. उद्या कुणी गुंज घासेल. माझा विरोध त्याला आहे.

उन्हाची_खिडकी

तुमचं वाचून अंगावर काटा आला. गुंज घरात मुलांकडून कधीही रुजवून घेऊ नये, हे मी माझ्याकडूनही लिहिते.

गारंबीचा फेस येतो तो सॅपोनिन या साबणासारख्या द्रव्याचा. कच्चा गर पोटात जाता कामा नये. मी बी ओल्या फडक्यात धरून घासली, म्हणजे भुकटी उडत नाही. भिजवलेलं पाणी मोरीत ओतलं, भांडं वेगळं ठेवलं. हे सगळं आधीच लिहायला हवं होतं, ते राहिलं.

कणकुंबीकर

त्या पाण्याबद्दल सांगतो. पूर्वी आमच्याकडे गारंबीची साल ठेचून डोहात टाकायचे, मासे गुंगून वर यायचे. तेव्हा ज्यांच्या घरात माशांची काचपेटी आहे त्यांनी ते पाणी तिच्या आसपासही नेऊ नये.

हल्याळवाला

मी मध्येच विचारतो. माझ्या दोन बिया कुजल्या. घासून पाच दिवस पाण्यात ठेवल्या होत्या, रोज पाणी बदललं, तरी वास सुटला. काय चुकलं? बी आमच्या स्वतःच्या रानातली आहे.

उन्हाची_खिडकी

पाच दिवस फार झाले. फुगली की लगेच मातीत घालायची, बहुतेक एका रात्रीत फुगते. फुगली नाही तर आणखी थोडी घासायची. आणि माती ओलसर, चिखल नव्हे. आपल्याकडे जुलैत आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा रुजवायला घेऊ नका. पाडव्यानंतरची ऊब तिला मानवते. आता नोव्हेंबरात माझाही वेल थबकलाय, नवं पान नाही. पाणी निम्म्यावर आणलंय.

मलप्रभेचा_काठ (खानापूर)

ताई, वेल थबकलाय म्हणालात. पुढे काय करणार? दोन वर्षांनी तो छताला लागेल. तेव्हा छाटणार, की कचऱ्यात? घरात वाघाचं पिल्लू पाळण्यासारखं आहे हे. लहान असतं तोवर कौतुक. मी विरोधात आहे, आणि उत्तर मिळेपर्यंत राहीन.

उन्हाची_खिडकी

उत्तर आहे. पुढच्या मृगाला आत्याच्या रानात, ओढ्याच्या कडेला लावायचा. आत्याला विचारलंय. ती म्हणाली, "आण की, आईचाच वेल तो."

मलप्रभेचा_काठ

मग पहिल्यांदाच तिथे का नाही लावलात?

उन्हाची_खिडकी

खरं सांगते. सुपारीच्या डब्यातल्या त्या पाच बिया म्हणजे माझ्याकडे आजीचं उरलेलं सगळं. एक पाण्यात ठेवून फुकट घालवली होती. उघड्यावर लावली आणि साळिंदरानं उकरून नेली तर, ही भीती होती. मला ती माझ्या डोळ्यांसमोर रुजताना बघायची होती. यात स्वार्थ असेल, पण तो स्वार्थ मी लपवत नाही.

निपाणीचे_मास्तर

त्याला मी स्वार्थ म्हणणार नाही.

कणकुंबीकर

मी म्हणेन, मास्तर. पण ताई खरं बोलल्या म्हणून गप्प बसतो.

आता कामाचं ऐका. शहरातल्या कुंडीची माती जंगलात आणायची नसते. नर्सरीच्या मातीतून बुरशी येते, किडे येतात, कुठल्या तणाचं बी येतं काय की. आणि माती धुऊन मुळं मोकळी केलीत तर वेल धक्क्यानं मरेल. म्हणून विचारतो, डब्यात माती कुठली?

उन्हाची_खिडकी

आत्याच्या परसातलीच. तूसही तिथल्या गिरणीतलं, शेणखत गोठ्यातलं. नर्सरीचं काही घातलेलं नाही.

कणकुंबीकर

मग चालेल. मुळं न हलवता डबा उभा चिरून गोळा तसाच खड्ड्यात ठेवायचा. त्याआधी पंधरा दिवस वेल गच्चीवर सावलीत ठेवा. घरातल्या पानांना आमचं ऊन एकदम झेपणार नाही. मोठ्या झाडाच्या बुडाशी लावा, जांभूळ असलं तर उत्तम, पण लहान रोपाजवळ नको, त्याला दाबून टाकेल. पहिली दोन वर्षं भोवती काटे लावा, गुरं पाला ओरबाडतात. मी जांबोटीला येऊन खड्डा बघून जाईन.

माझं मत मात्र बदललेलं नाही. उरलेल्या तीन बिया घरात लावू नका. सरळ तिथेच लावा, घासून, भिजवून, जाळीखाली. साळिंदराची काळजी मी घेतो.

उन्हाची_खिडकी

दोन बिया तुम्ही म्हणता तशाच लावीन, जाळी आणून ठेवते. तिसरी देता येणार नाही. ती खालच्या मजल्यावरच्या मुलीला कबूल केलीय. सातवीत आहे, आईला विचारून आलीय. बी मी तिच्यासमोर माझ्या हातानं घासणार आहे, ओल्या फडक्यात, पाडवा झाला की. तिनं आत्तापासून रंगाचा डबा धुऊन जिन्याखाली ठेवलाय.