फॉलोअर्स आपले की प्लॅटफॉर्मचे? मदत हवी आहे
मंडळी, मी सुलेखन शिकवते. ओळख, विद्यार्थी, कामं, सगळं एकाच इन्स्टाग्राम खात्यावर उभं आहे आणि आता त्याचीच धास्ती वाटते. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं, वाइन हे छोट्या व्हिडिओंचं ॲप २०१७ मध्ये, गूगल प्लस २०१९ मध्ये. मायस्पेस या जुन्या सोशल साइटने तर सर्व्हर हलवताना लोकांची अनेक वर्षांची गाणीच गमावली! आणि प्लॅटफॉर्म टिकला तरी खातं हॅक होऊ शकतं, किंवा अल्गोरिदम बदलला की पोस्ट कुणाला दिसतच नाहीत.

टू-फॅक्टर (लॉगिनला पासवर्डशिवाय आणखी एक कोड) चालू आहे, बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवलेत. डेटाही डाउनलोड केला. त्यात माझ्या पोस्ट आणि फॉलोअर्सची नावं मिळतात, पण त्यांचे ईमेल नाहीत. म्हणजे उद्या खातं गेलं तर या माणसांपर्यंत पोचायचं कसं?

स्वतःच्या नावाचं डोमेन (वेबसाइटचा पत्ता) आणि ईमेल न्यूजलेटर सुरू करावं म्हणते. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा: रील बघणारी माणसं ईमेल द्यायला तयार कशी होतात? मोफत सराव-पानं दिली तर फक्त फुकटे येतात का? आणि न्यूजलेटरची कुठली सेवा घ्यावी, जिथून यादी हवी तेव्हा बाहेर काढता येईल? (‘सगळीकडेच खातं उघड’ हा सल्ला नको, तेवढा वेळ नाही.)