ऑडिओ ड्रामा: नभोनाट्य, श्रुतिका की आणखी काही?

ओसरी
‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानमालिकेचा पडद्याबाहेरचा पसारा मराठी वाचकाला समजावून सांगणारा लेख लिहितो आहे. मसुद्यातले एक वाक्य असे: ‘डिसेंबर १९८९मध्ये मालिका बंद पडली, १९९१पासून व्हर्जिनच्या स्पिन-ऑफ कादंबऱ्यांनी आणि १९९९पासून बिग फिनिशच्या ऑडिओ ड्रामांनी तिला जगवले.’ (व्हर्जिन ही प्रकाशनसंस्था, बिग फिनिश ही अशी नाटके काढणारी कंपनी.) मुद्रितशोधकांनी ‘स्पिन-ऑफ कादंबऱ्या’ काढून ‘उपकादंबऱ्या’ आणि ‘ऑडिओ ड्रामा’ काढून ‘नभोनाट्ये’ घातले आहे. उपकादंबरी म्हटले की कादंबरीच्या पोटातली छोटी कादंबरी वाटते. नभोनाट्य तितके खटकत नाही, पण पटतही नाही. तुम्ही काय लिहाल?

तिरपागडा
नभोनाट्य चूकच. नभोनाट्य म्हणजे नभोवाणीवरून प्रसारित झालेले नाटक. बिग फिनिशची मुख्य मालिका जुलै १९९९मध्ये ‘द सायरन्स ऑफ टाइम’ने सुरू झाली आणि मार्च २०२१मध्ये २७५व्या अंकावर थांबली. ती दुकानातून सीडीवर विकली गेली, नंतर उतरवून घेता येऊ लागली. नभाचा संबंध कुठे आला? ‘श्रुतिका’ हा तयार, गोड, रुळलेला शब्द आहे. तो वापरा आणि मोकळे व्हा.

चिंचोका
श्रुतिका आटोपशीर असते हो. आकाशवाणीवरची श्रुतिका एका बैठकीत, फार तर अर्ध्या तासात संपते. बिग फिनिशचा नेहमीचा साचा म्हणजे दोन सीडी, चार भाग, प्रत्येक भाग पंचवीस-तीस मिनिटांचा, आणि पहिल्या तीन भागांच्या शेवटी कुणीतरी संकटात. जुन्या दूरचित्रवाणी मालिकेचाच हा साचा मुद्दाम राखला आहे. ‘झाग्रियस’ तर तीन सीड्यांचे. (ते सलग ऐकून कंटाळला नाही असा श्रोता मला भेटायचा आहे.) त्याला श्रुतिका म्हणणे म्हणजे ‘का’ प्रत्ययाचा अपमान.

शिवाय तिरपागडे यांचा ‘नभाचा संबंध कुठे’ हा प्रश्नही तितका पक्का नाही. आठवा डॉक्टर (नायकाचे नावच डॉक्टर, आणि नट बदलला की त्याचा क्रमांक पुढे सरकतो) आणि त्याची साथीदार लूसी मिलर यांची मालिका बिग फिनिशनेच बनवली, पण ती आधी ‘बीबीसी ७’ या रेडिओ वाहिनीवर लागली. पहिली कथा ३१ डिसेंबर २००६ला. तेच नट, तीच निर्मिती. मग लूसी मिलर नभोनाट्यात आणि त्याच डॉक्टरची सीडीवरची साथीदार चार्ली पोलार्ड श्रुतिकेत?

तिरपागडा
हो. प्रसारित झाले ते नभोनाट्य. अडचण काय आहे?

चिंचोका
अडचण ही की तीच लूसी पुढे सीडीवर आली.

कानोसा
प्रसारणाचा मार्ग बाजूला ठेवा, घडण बघा. या कंपनीच्या आणि बीबीसीच्या श्राव्य मालात निदान चार वेगळे प्रकार आहेत. एका शब्दात कोंबले तर ओसरींचा वाचक चुकीची वस्तू विकत घेईल.

पहिला प्रकार पूर्ण नटसंचाचा. निवेदक नाही. सगळे संवाद, ध्वनी आणि पार्श्वसंगीत यांवर चालते. इथे लेखकाची खरी कसोटी असते, कारण जे दिसायला हवे ते कुणाच्या तरी तोंडून यावे लागते. कच्चा लेखक लगेच ‘बघा डॉक्टर, ते सहा हातांचे हिरवे यंत्र आपल्याकडेच येते आहे!’ असे लिहितो. पक्का लेखक प्रसंगच असा रचतो की एकाला दिसते आणि दुसऱ्याला दिसत नाही: एक जण दाराच्या पलीकडे, एक जण बिनतारी यंत्रावर, कुणी आंधळे, कुणी अंधारात. मग वर्णन करायला कारण मिळते. दुसरी नेहमीची चूक आवाजांची. सारख्या वयाचे, सारख्या पट्टीचे चार पुरुष एका प्रसंगात आले की तिसऱ्या मिनिटाला कोण बोलतो आहे ते कळेनासे होते. आणि जे पात्र बराच वेळ बोलत नाही ते श्रोत्याच्या लेखी खोलीतून निघून गेलेले असते. म्हणून चांगल्या संहितेत गप्प माणसालाही अधूनमधून हुंकार दिलेला असतो.

दुसरा प्रकार ‘कंपॅनियन क्रॉनिकल्स’, २००७पासूनचा. यात डॉक्टरचा एखादा जुना साथीदार कथा सांगतो आणि जोडीला बहुधा एकच दुसरा आवाज. कारण उघड आहे: हार्टनेल, ट्रॉटन आणि पर्टवी हे पहिले तीन डॉक्टर हयात नव्हते, साथीदार झालेले नट होते. याला मी ‘अभिवाचन’ म्हणेन, नाट्य नाही.

तिसरा प्रकार छापील कादंबरीचे सरळ वाचन. चौथा सर्वांत चमत्कारिक. साठच्या दशकातल्या ज्या भागांची चित्रफीत बीबीसीने पुसली किंवा टाकून दिली, त्या सगळ्यांचा आवाज मात्र टिकला आहे, कारण तेव्हाच्या प्रेक्षकांनी घरी बसून टेपवर उतरवून ठेवला होता. त्या आवाजाला जोडनिवेदन लावून बीबीसीने तो विकला. हे नाटक कानासाठी लिहिलेलेच नव्हते, म्हणून निवेदन बंद केले तर मिनिट-मिनिट नुसती खुडबुड ऐकू येते.

माझे मत: पहिल्याला ‘श्राव्यनाट्य’, दुसऱ्याला व तिसऱ्याला अभिवाचन, चौथ्याला ध्वनिपट.

तिरपागडा
‘श्राव्यनाट्य’ म्हणजे शासकीय परिपत्रक. कुणी म्हणते का घरी, ‘जरा श्राव्यनाट्य लावतो’?

कानोसा
‘महापौर’सुद्धा एकेकाळी कुणी म्हणत नव्हते.

अडकित्ता
श्राव्यनाट्यावर नंतर भांडा. ओसरींच्या वाक्यातली मोठी गफलत पहिल्याच शब्दात आहे. व्हर्जिनच्या ‘न्यू ॲडव्हेंचर्स’ स्पिन-ऑफ नव्हेतच! जून १९९१ ते १९९७ एकूण ६१ पुस्तके. बहुतेकांत सातवा डॉक्टर स्वतः नायक, अगदी शेवटच्यात आठवा. परवाना घेऊन मूळ मालिका कागदावर पुढे चालवली, इतकेच. स्पिन-ऑफ म्हणजे मूळ नायकाला वगळून दुय्यम पात्र घेऊन वेगळे बिऱ्हाड करणे.

आणि गंमत म्हणजे स्पिन-ऑफ याच पुस्तकांतून निघाली. पॉल कॉर्नेल यांच्या ऑक्टोबर १९९२च्या ‘लव्ह अँड वॉर’मध्ये बर्निस समरफील्ड ही पुरातत्त्वज्ञ साथीदार आली. ती मालिकेतून आलेली नसल्याने तिचे हक्क बीबीसीकडे नव्हते. १९९७मध्ये डॉक्टरचा परवाना बीबीसीने परत घेतला तेव्हा व्हर्जिनने डॉक्टर गाळून बर्निसच्या नावावर पुस्तके चालू ठेवली. बिग फिनिशला सुरुवातीला डॉक्टरचा परवाना मिळाला नव्हता, तेव्हा त्यांनीही १९९८मध्ये आधी बर्निसचीच नाटके काढली. तिच्या जोरावर पुढच्या वर्षी डॉक्टर मिळाला. हा खरा स्पिन-ऑफ. मराठीत याला ‘फाटा’ म्हणा: मूळ रस्त्यापासून फुटतो आणि वेगळ्या गावाला जातो. ६१ पुस्तकांना ‘जोडकादंबऱ्या’ म्हणा.

तिसरा गट ‘टार्गेट’च्या पुस्तकांचा. १९७३पासून पडद्यावर झालेल्याच कथा कादंबरीच्या रूपात. टेरन्स डिक्स या एकट्या लेखकाने त्यातली साठांहून अधिक लिहिली. ती ना फाटा, ना जोड. ‘कथारूपांतर’ पुरे.

ओसरी
‘फाटा’ आवडला. पण ‘फाटा देणे’ म्हणजे टाळणे, सोडून देणे. ‘बिग फिनिशने डॉक्टरला फाटा दिला’ असे वाक्य झाले तर उलटाच अर्थ.

अडकित्ता
फाटा ‘फुटतो’ असे लिहा. क्रियापद सांभाळले की झाले.

जुनी वही
इतका घोळ कशाला? आपल्याकडे शब्द आहे: प्रक्षिप्त. मूळ ग्रंथात मागाहून कुणी घातलेला मजकूर. क्षिप् म्हणजे फेकणे, आत फेकलेले ते प्रक्षिप्त. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत केली आणि बजावले की यात कुणी आपली ओवी घातली तर अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवली. १९८९पर्यंतची मालिका हे ताट. पुढच्या ६१ नरोट्या.

चिंचोका
तिथे मूळ ग्रंथाचा कर्ता एक होता. इथे नोव्हेंबर १९६३पासून कर्ते बदलत आलेत. पहिल्या कथेत टाइम लॉर्ड (डॉक्टरची जमात) हा शब्दही नाही, तो १९६९मध्ये आला. मग टाइम लॉर्ड प्रक्षिप्त का?

आणि २००५नंतर त्या नरोट्याच ताटात वाढल्या गेल्या त्याचे काय? कॉर्नेल यांची १९९५ची ‘ह्यूमन नेचर’ २००७मध्ये त्यांनीच पडद्यावर आणली. कादंबरीत सातवा डॉक्टर, बर्निस आणि १९१४. पडद्यावर दहावा डॉक्टर, साथीदार मार्था आणि १९१३. फॅरिंगहॅम हे नाव तेच, जोन रेडफर्न तीच. रॉब शिअरमन यांचे जानेवारी २००३चे ‘ज्युबिली’ ऐका: एकटा कैदी डालेक (डॉक्टरचा कवचातला जुना शत्रू) लंडनच्या टॉवरमध्ये. २००५च्या ‘डालेक’ भागात तोच एकटा कैदी युटातल्या भुयारात. मालिका नव्याने सुरू करणारे रसेल टी. डेव्हिस स्वतः १९९६मध्ये व्हर्जिनसाठी ‘डॅमेज्ड गुड्स’ लिहून बसले होते. प्रक्षिप्त म्हणता तिथूनच मूळ पुन्हा उगवले.

जुनी वही
उसने घेणे वेगळे, प्रमाण मानणे वेगळे. ‘ह्यूमन नेचर’ दोन्ही खरी असतील तर एकच घटना एका माणसाच्या आयुष्यात दोनदा घडली, तीही त्याच नावाच्या बाईबरोबर. म्हणूनच ‘कॅनन’, म्हणजे खऱ्या धरायच्या कथांची यादी, लागते. यालाही मराठी ‘प्रमाणसंहिता’.

तिरपागडा
कॅनन कशाला बदलता, तो आपलाच आहे. ग्रीक ‘कानोन’ म्हणजे मोजपट्टी. अरबीत ‘कानून’. तिथून मराठीत ‘कानू’. शिवकाळातला ‘कानूजाबता’ ऐकला असेल. कॅनन हा कानूचा सख्खा भाऊ. विज्ञानकथांचे चाहते ‘कानू’ म्हणू लागले तर मी पहिला.

जुनी वही
त्याच काळात रघुनाथपंतांना राज्यव्यवहारकोश करायला लावला तो असले शब्द घालवायलाच ना?

तिरपागडा
लावला. तरी ‘कायदा’ आणि ‘वकील’ गेले का?

अडकित्ता
‘प्रमाण’मध्येही मोजण्याचाच धातू आहे, मा. म्हणजे दोघे एकच म्हणताय. पुढे चला.

इंग्रजीतही हा शब्द आधी धर्मग्रंथांचा. रोनाल्ड नॉक्स यांनी १९११मध्ये शेरलॉक होम्सच्या कथांवर बायबल-अभ्यासाच्या थाटात विनोदी निबंध वाचला, तेव्हापासून चाहत्यांच्या जगात हा खेळ रंगला. होम्सच्या ४ कादंबऱ्या आणि ५६ कथा, हिशेब पक्का. ‘स्टार वॉर्स’मध्ये एप्रिल २०१४ला मालकांनीच आधीच्या साऱ्या कादंबऱ्यांवर ‘लेजेंड्स’ असा शिक्का मारला. ‘डॉक्टर हू’मध्ये बीबीसीने अशी यादी कधीच काढली नाही. म्हणून तिथे ‘प्रमाण’ आणि ‘प्रक्षिप्त’ दोन्ही शब्द चालत नाहीत. निवाडा करणाराच नाही.

कानोसा
निवाडा नसला की काय होते त्याचे ठळक उदाहरण म्हणजे सातव्या डॉक्टरची साथीदार एस. पडद्यावर १९८९मध्ये ती डॉक्टरबरोबर चालत निघून जाते. कादंबऱ्यांत ती ‘लव्ह अँड वॉर’मध्ये रागावून सोडून जाते, तीन वर्षे डालेकांशी लढून कडवी सैनिक होऊन परतते, आणि १९९५च्या ‘सेट पीस’मध्ये कायमची जाते. मासिकातल्या चित्रकथेत १९९६मध्ये मरते. श्राव्यनाट्यांत हेक्स नावाच्या नव्या साथीदाराबरोबर वर्षानुवर्षे हिंडते. २०१०मध्ये पडद्यावर कळते की ती पृथ्वीवर धर्मादाय संस्था चालवते, आणि २०२२मध्ये प्रत्यक्ष येते. या सगळ्यांना एका ओळीत बसवायचा हट्ट धरणाऱ्यांचे लेख वाचवत नाहीत.

चिंचोका
नोव्हेंबर २०१३च्या ‘नाइट ऑफ द डॉक्टर’ या लघुभागात मात्र निवाडा झाला म्हणायचा. मरताना आठवा डॉक्टर नावे घेतो: चार्ली, क्रिझ, लूसी, टॅमसिन, मॉली. पाचही श्राव्यनाट्यांतली. कादंबऱ्यांतला फिट्झ नाही, अंजी कपूर नाही. आठव्या डॉक्टरवरच्या बीबीसीच्याच ७३ पुस्तकांतून एकही नाव नाही. पुस्तकवाल्यांचा राग मला समजतो.

अडकित्ता
पाच नावे घेतली म्हणजे बाकीची पुसली असे होत नाही. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती बघा. गणपतीने लेखनिक व्हायचे मान्य केले ही सर्वांना पाठ असलेली कथा मुख्य संहितेत नाही, परिशिष्टात आहे. टाकून दिलेली नाही, छापलेली आहे. ओसरींना शब्दच हवा असेल तर ‘परिशिष्ट-कादंबऱ्या’.

जुनी वही
म्हणजे प्रक्षिप्तच की.

तिरपागडा
‘कादंबरी’ या शब्दापाशी येऊन प्रक्षिप्ताची लाज बाळगू नये. बाणभट्टाचा ग्रंथ अर्धा राहिला, मुलाने पुरा केला, आणि त्या दोघांच्या पुस्तकाच्या नावावर आपण सगळा वाङ्मयप्रकार चालवतो.

ओसरी
सध्या वाक्य असे केले आहे: ‘१९९१पासून जोडकादंबऱ्यांनी आणि १९९९पासून श्राव्यनाट्यांनी.’ बर्निसचा परिच्छेद वेगळा, तिथे ‘फाटा फुटला’. मुद्रितशोधक श्राव्यनाट्याला मान्यता देत नाहीत, ‘नभोनाट्य कळते, हे कळत नाही’ म्हणतात. सुरुवातीला काय ऐकावे या चौकटीत ‘स्पेअर पार्ट्स’ घालतो आहे. चालेल?

कानोसा
चालेल नाही, तेच घाला. मार्क प्लॅट, २००२. पाचवा डॉक्टर आणि साथीदार निसा, मोंडास ग्रहावर सायबरमेन (माणसांचे यंत्र झालेले शत्रू) कसे घडले ती कथा. आधीचे काहीही ऐकलेले नसले तरी कळते, पात्रे मोजकी, आवाज वेगवेगळे. ‘झाग्रियस’ घालू नका. त्याआधीची निदान डझनभर नाटके ऐकल्याशिवाय डोक्यावरून जाते. प्लॅट यांचीच ‘लंगबॅरो’ कादंबरीही नको. टाइम लॉर्ड जन्मत नाहीत, मागावर विणले जातात, हे नव्या वाचकाला पहिल्या दिवशी सांगायचे कारण नाही.

चिंचोका
आणि चौकटीत ‘डॅलेक’ लिहू नका. पहिला स्वर लांब आहे, ‘डालेक’.

जुनी वही
मग अनेकवचन काय करणार? डालेक आले, की डालेके आली?

तिरपागडा
एक डालेक, अनेक डालेक. चमच्यासारखे नाही, मोरासारखे.

जुनी वही
म्हणजे पुल्लिंगी ठरवून टाकले. पण आत बसलेला जीव आणि बाहेरचे कवच यांतला डालेक कोणता? कवचाला म्हणत असाल तर नपुंसकलिंग.