शब्दचर्चा : डाळमिलवाली ‘संस्था’, तिला म्हणायचं काय?

विचारणा (यवतमाळ जिल्हा) : आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीची तुरीची डाळमिल आहे. गावात तिला सगळे ‘संस्था’च म्हणतात. सभेत एका काकांनी विचारलं, “संस्था हाय म्हन्ता, मंग बियानं फुकट काऊन नाई?” वार्षिक अहवालात काय लिहू? सामाजिक उपक्रम, सामाजिक उद्योग, की सेवाभावी संस्था?

प्रतिसाद : ‘उपक्रम’ नको. त्यानं रक्तदान शिबीर आणि वह्यावाटप डोळ्यांपुढे येतं. ‘उद्योग’ चालेल, ‘नसते उद्योग’ म्हणून कुणी हसलं तर हसू द्या. सेवाभावी संस्था मुख्यतः देणगी आणि अनुदानावर चालते, सामाजिक उद्योग माल किंवा सेवा विकून. तुमच्या मिलचं वीजबिल डाळ, चुरी, टरफल विकूनच भरत असणार. मशीन अनुदानातून आलं असलं तरी त्यानं मिल धर्मादाय होत नाही. आणि आपल्याकडे ‘संस्था’ म्हटलं की आधी शिक्षणसंस्था आठवते, ‘पोरगा संस्थेत लागला’ म्हणतात ती!

दुसरा प्रतिसाद : खरा घोळ ‘ना-नफा’ या शब्दानं केलाय. त्यावरून वाटतं की ट्रस्टकडे वर्षाअखेर पैसा उरताच कामा नये. उरू शकतो, फक्त तो आपसांत वाटून घेता येत नाही. कंपनी कायदा 2013 च्या कलम 8 खालची, म्हणजे धर्मादाय कामासाठी काढलेली कंपनीसुद्धा लाभांश देऊ शकत नाही. म्हणून मी ‘नफा न वाटणारी’ असं लिहितो. लांब आहे, पण नेमकं आहे.
उत्पादक कंपनी 2002 मध्ये कायद्यात आली आणि तिचं गणित वेगळं आहे. सभासद शेतकरीच तिचे मालक, आणि उरलेल्यातून ज्यानं जितका माल घातला त्या प्रमाणात बोनस देता येतो. काका सभासद असतील तर फुकट बियाण्याचा खर्च त्यांच्याच बोनसमधून जाईल, एवढं सांगून पाहा.

तिसरा प्रतिसाद : मग वरोऱ्याचं आनंदवन कुठे बसवाल? बाबा आमट्यांची महारोगी सेवा समिती 1949 ची. ती धर्मादायच, पण तिथले लोक माग चालवतात, शेती करतात, वस्तू बनवून विकतात. नोंदणी सेवाभावी, वृत्ती उद्योगाची. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं तर सोशल स्टॉक एक्स्चेंजच्या (सामाजिक कामासाठी पैसा उभा करायचा बाजारातला विभाग) 2022 च्या नियमांत नफा न वाटणाऱ्या संस्था आणि नफा कमावणारे उद्योग या दोघांनाही ‘सोशल एंटरप्राइझ’मध्ये, म्हणजे सामाजिक उद्योगातच धरलंय. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेनं 2011 मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकला. ती ट्रस्टही नाही, कंपनीही नाही.

विचारणारा : म्हणजे उत्पादक कंपनी म्हटली की ‘सामाजिक उद्योग’ लिहायला हरकत नाही?

दुसरा प्रतिसादक : सरसकट नको. दहा उत्पादक जमले की अशी कंपनी नोंदता येते. ते दहाही एकाच वाड्यातले आणि बाकी गाव नुसतं माल घालणारं असेल, तर सरळ ‘डाळमिल’ लिहा.