सर रतन टाटांसारखा संग्रह म्युझियमला द्यायचा तर?

प्रश्न: सर रतन टाटांचा (१८७१–१९१८) कलासंग्रह त्यांच्या पश्चात मुंबईच्या म्युझियमला गेला. कोल्हापुरात घरी असलेली कागदावरची जुनी लघुचित्रं तशीच मृत्युपत्राने द्यायची तर काय पाहावं?

शुक्रवार पेठकर: दोन साक्षीदार हवेतच. नोंदणी सक्तीची नाही, तरी करून घ्या. त्याआधी संस्थेची लेखी संमती मिळवा. नाहीतर देणगी नाकारली जाते आणि पेट्या माळ्यावर पडतात. मृत्युपत्रात 'जुनी चित्रं' एवढंच लिहू नका. प्रत्येकाचा क्रमांक, सेंटिमीटरमध्ये माप, पाठीवरचा मजकूर, दोन्ही बाजूंचे फोटो अशी यादी जोडा. क्रमांक मऊ पेन्सिलीने, मागच्या कोपऱ्यात. बॉलपेनची शाई पुढे उमटते.

रंकाळाकाठ: लॅमिनेशन मुळीच नको! उष्णतेने रंग बिघडतात, प्लॅस्टिक पुन्हा सुटत नाही. आपल्या पावसाळ्यात आर्द्रता ६५ टक्क्यांवर टिकली की बुरशी धरते. ओल येणाऱ्या भिंतीवर फ्रेम लावू नका, काच चित्राला टेकू देऊ नका. उजेड ५० लक्सपर्यंतच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक).

शुक्रवार पेठकर: आणि हो, शंभर वर्षांपुढचं चित्र १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. मुलं परदेशात असली तरी ते खासगीरीत्या तिकडे नेता येत नाही.